मजुरीचा दर आणि कापसाचा भाव एकाच काट्यावर तोला
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीपुढे दोन ठराव आले आहेत. शेतमजुरांच्या किमान वेतनात वाढ करायला आपण विरोध करावा, असे पहिला ठराव म्हणतो. पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत सरकारने रोजगार हमीची कामे बंदच ठेवावीत, अशी दुसऱ्याची मागणी आहे. ठराव मांडणारे आपलेच कार्यकर्ते आहेत. त्यांचा राग मला कळतो. निंदणाला माणूस मिळत नाही. कापूस बोंडातून लोंबतो आहे, वरून आभाळ भरून आले आहे, आणि नेमक्या त्या सकाळी वेचणीला किलोमागे दोन रुपये वाढवून मागितले जातात. सालगड्याचा पाडव्याचा आकडा ऐकला की घरधन्याची झोप उडते. हे सगळे खरे आहे.

तरीही मी या दोन्ही ठरावांच्या विरोधात बोलायला उभा आहे. मजुराची दया आली म्हणून मी बोलत नाही. दयेवर ना मजुराचे पोट भरते ना शेतकऱ्याचे. मी बोलतो आहे ते हिशेबाने. हे दोन ठराव पास झाले तर त्यात मजुराचे जेवढे नुकसान आहे, तेवढेच आपले आहे. ते कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

किमान वेतन म्हणजे नेमके काय?

पहिल्यांदा शब्द नीट समजून घेऊ. किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९४८ साली झाला. कोणत्या कामाला कमीत कमी किती मजुरी द्यायची हे सरकारने ठरवायचे आणि त्याखाली कोणी जायचे नाही, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रात शेतीच्या कामासाठी परिमंडळे पाडून असे दर जाहीर होत आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात विरून गेला. आता तळाचा दर केंद्राने ठरवायचा आणि कोणत्याही राज्याने त्याच्याखाली उतरायचे नाही, अशी रचना झाली आहे. म्हणजे दरवाढीची चर्चा आता थांबणार नाही. ती दरवर्षी आपल्या दारात येणार आहे.

हा दर कशावरून ठरवावा? १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या बैठकीत त्याचे माप ठरले. एका कमावत्या माणसामागे खाणारी तीन तोंडे धरायची. मोठ्या माणसाला दिवसाला २७०० कॅलरीचे अन्न धरायचे. चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, वर घरभाडे, सरपण आणि दिवाबत्ती. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलांचे शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य आणि म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरले पाहिजेत.

आता मी तुम्हाला विचारतो. या यादीत चैनीची एखादी तरी वस्तू आहे का? भाकरी, कापड, छप्पर, दिवा, पोराची शाळा, म्हाताऱ्याचे औषध. माणसाने काम केले तर त्याला एवढे मिळावे, यापलीकडे त्यात काही नाही. या मापाला विरोध करायचा म्हणजे कशाला विरोध करायचा, ते ठराव मांडणाऱ्यांनी सांगावे.

आणि दुसरा प्रश्न. हे माप कारखान्यातल्या कामगाराला लावले, नोकरदाराला लावले, कागदावर का होईना शेतमजुरालाही लावले. चार एकर कोरडवाहू कसणाऱ्या कुटुंबाला हे माप कधी कोणी लावून पाहिले का? तीन तोंडे, ७२ वार कापड आणि पोराची शाळा एवढे तुमच्या कापसातून निघते का, हे कोणत्या सरकारने तपासले?

आपण मजुरीमुळे बुडालो का?

मजुरी वाढली म्हणून शेती बुडाली, असे आपण पारावर रोज ऐकतो. आकडे काय म्हणतात ते पाहू.

२०१४-१५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर केंद्राने ठरवलेला रोज १६८ रुपये होता. २०२५-२६ साठी तो ३१२ रुपये झाला. त्याच काळात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३७५० वरून ७७१० रुपयांवर गेला. संकरित ज्वारीचा १५३० वरून ३६९९ वर गेला. म्हणजे २०१४-१५ साली एका क्विंटल कापसाच्या हमीभावात रोहयोचे साधारण २२ रोज भरत होते, २०२५-२६ मध्ये ते पावणेपंचवीस भरतात.

हे ऐकून बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण हिशेब हिशेब असतो. सरकारी मजुरी हमीभावाच्या पुढे पळाली, असे कागद सांगत नाही. दोन्ही एकाच दोरीला बांधलेली आहेत आणि दोरीचे टोक एकाच हातात आहे.

तुम्ही म्हणाल, गावातला रोज सरकारी दरावर चालत नाही. बरोबर आहे. हंगामाच्या ऐन दिवसांत गावातला दर त्याच्या वर जातो आणि चैत्र-वैशाखात कोणत्याच दराने काम नसते. मजुराची कमाई दराने ठरत नाही. दर गुणिले दिवस, असा त्याचा हिशेब आहे. दर तुम्हाला दिसतो, कारण तो तुमच्या खिशातून जातो. बिनकामाचे दिवस दिसत नाहीत, कारण ते त्याच्या घरात जातात.

मग आपण बुडालो कशाने? हमीभाव ७७१० छापला आणि बाजारात त्याच्या खाली बोली लागली, त्याने बुडालो. खरेदी केंद्र उशिरा उघडले आणि तोवर देणेकऱ्यांनी गाठले, त्याने बुडालो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, त्याने बुडालो. आणि अगदी अलीकडचे सांगतो. १९ ऑगस्ट २०२५ रोजी परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क केंद्राने उठवले आणि पुढे ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपला कापूस घरात यायचा आणि बाजारात जायचा काळ नेमका तोच. एका हाताने हमीभाव वाढवल्याची जाहिरात आणि दुसऱ्या हाताने बाहेरच्या कापसाला दार मोकळे. यात निंदणाऱ्या बाईचा दोष कुठे आहे?

वाढ निघते कुणाच्या खिशातून?

आता या वादाच्या मुळाशी जाऊ. किमान वेतन वाढवले की रोजगार बुडतो का, यावर जगभर भांडण आहे. त्यातली दोन उदाहरणे सांगतो, एक दूरचे आणि एक आपल्या घरचे.

अमेरिकेत न्यू जर्सी नावाचे राज्य आहे. १ एप्रिल १९९२ रोजी तिथे तासाची किमान मजुरी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाली. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ती होती तेवढीच राहिली. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची चारशेवर खाद्यगृहे तपासली. मजुरी वाढल्यामुळे नोकऱ्या गेल्याचे त्यांना आढळले नाही. दुसऱ्या अभ्यासकांनी पगारपत्रके तपासून उलटे मत मांडले आणि तो वाद संपलेला नाही. कार्ड यांना २०२१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हे कामही होते. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. न्यू जर्सीतल्या जेवणाचा दर पेनसिल्व्हेनियापेक्षा वाढला, हेही त्यांना दिसले. म्हणजे हॉटेलवाल्याने मजुरी वाढवली, पाटीवरचा दर बदलला आणि वाढ गिऱ्हाइकाकडून वसूल केली.

आता आपल्या घरचे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे उघडली. वि. स. पागे यांनी त्याआधी तासगावात तिचा प्रयोग करून पाहिला होता. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, असे त्याचे वचन. १९८८ साली राज्यात शेतमजुरीचा किमान दर जवळपास दुप्पट झाला आणि त्याबरोबर रोहयोचाही दर वाढला. पुढे काय झाले? मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अभ्यासकांनी १९९३ साली त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. दर वाढल्यावर कामावरची हजेरी घसरली. लोकांना काम नको होते म्हणून ती घसरली नाही. पैशाची सोय तेवढी वाढली नाही, म्हणून कामे उघडताना हात आखडला गेला. दर मिळाला, पण दिवस गेले.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवा. ज्याला आपल्या मालाचा भाव ठरवता येतो, त्याच्याकडे मजुरी वाढली तरी काम टिकते. ज्याच्या हातात भाव नाही आणि तिजोरीही नाही, त्याच्याकडे मजुरी वाढली की काम कमी होते. आपण दुसऱ्या गटात आहोत. आपल्या दुकानाला पाटीच नाही. अडतीवर माल नेऊन आपण विचारतो, 'काय भाव देता?' साबण विकणारा असे विचारतो का? सिमेंट विकणारा विचारतो का?

म्हणून शेतकऱ्याने मजुरीचा विषय निघाला की घाबरणे साहजिक आहे. पण त्या भीतीचे कारण मजुराचा रोज नसून बिनपाटीचे दुकान आहे. ज्वारीचे काय झाले ते आठवा. खरिपाची ज्वारी आपल्या रानातून का उठली? सोंगणी माणसाने, कणसे खुडणे माणसाने, पेंढ्या बांधणे माणसाने, राखण माणसाने. मजुरी वाढली आणि भाव वाढला नाही, कोणी हमीभावाने घेतलीही नाही. शेतकऱ्याने तिथे सोयाबीन लावले, कारण सोयाबीनला यंत्र चालते. मजुराची सोंगणी गेली, जनावराचा कडबा गेला, घरातली भाकर विकतची झाली. कोणाचा फायदा झाला? दर वाढला म्हणून मजूर सुखी झाला नाही आणि मजूर लागत नाही म्हणून शेतकरीही सुखी झाला नाही.

एका सदऱ्याला पाच रुपये

आता कोणी म्हणेल, मजुरीप्रमाणे भाव दिला तर महागाई होईल, शहरातला माणूस ओरडेल. हाही हिशेब मांडू.

समजा, वेचणीचा दर किलोला दहा रुपये आहे. तो पंधरा केला, म्हणजे दीडपट. क्विंटलमागे वेचणीचा खर्च पाचशे रुपयांनी वाढला. ७७१० च्या हमीभावावर ही वाढ साडेसहा टक्के होते. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. एका सदऱ्याला पाव किलो रुई धरा, सूतगिरणीतली घट-तूट सोडून द्या, तरी शंभरावर सदरे होतात. पाचशे रुपये शंभर सदऱ्यांवर वाटा. एका सदऱ्यामागे पाच रुपये.

वेचणाऱ्या बाईची मजुरी दीडपट करायला एका सदऱ्याला पाच रुपये पुरतात. पाचशे, आठशे, हजार रुपयांना सदरा घेणाऱ्याच्या हे लक्षातसुद्धा येणार नाही. पण ते पाच रुपये शहरातून गावात पोचावेत अशी वाटच ठेवलेली नाही. म्हणून ते पाच रुपये शेतकरी आणि मजूर एकमेकांच्या हातातून ओढत बसतात आणि सदऱ्याचा दर ठरवणारे लांबून पाहतात.

चार-पाच क्विंटल एकरी कापूस होणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे पाचशे रुपये क्विंटलमागे स्वतःच्या पदरातून देणे जड आहे, हे मी नाकारत नाही. एकरी दोन-अडीच हजारांचा प्रश्न आहे. म्हणूनच म्हणतो, ते पदरातून जाऊ नयेत. भावातून यावेत.

घरच्या बाईची मजुरी कोण मांडतो?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हमीभाव काढताना कृषी मूल्य आयोग खर्च कसा धरतो, ते समजून घ्या. बी, खत, औषध, बैलजोडी, लावलेली मजुरी, असा प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणजे 'ए-टू'. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की 'ए-टू अधिक एफएल'. त्यावर स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले की 'सी-टू'.

शेतकऱ्यांसाठीचा राष्ट्रीय आयोग डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखाली २००४ साली नेमला गेला. उत्पादनखर्चावर निदान पन्नास टक्के मिळवून हमीभाव द्यावा, असे त्याने २००६ साली सुचवले. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपट भावाची घोषणा केली, पण दीडपट धरली ती 'ए-टू अधिक एफएल'ची. जमिनीचे भाडे आणि भांडवलाचे व्याज बाहेर राहिले. २०२५-२६ साठी कापसाचा हा खर्च देशभराच्या सरासरीने क्विंटलला ५१४० धरला आणि त्याची दीडपट ७७१० झाली. ज्वारीचा २४६६ धरला आणि दीडपट ३६९९. गुजरातची बागायती पऱ्हाटी आणि आपली मुरमाड रानातली पऱ्हाटी एकाच सरासरीत घातली आहे, हे विसरू नका.

आता त्या 'एफएल'कडे बघा. घरच्या माणसाच्या श्रमाला कोणता दर लावतात? कारागिराचा नाही, व्यवस्था पाहणाऱ्याचा नाही. शेतमजुराचाच दर लावतात. तुमची बायको सकाळी सहाला उठून डवऱ्यामागे जाते, निंदते, वेचते. तिचा रोज सरकारी वहीत शेजारच्या मजूर बाईच्या रोजाने लिहिला जातो. तुम्ही स्वतः कोणते बी लावायचे, कधी पेरायचे, कधी फवारायचे याचा विचार करता, पावसाची जोखीम घेता आणि तुमचाही रोज मजुराच्याच दराने लिहिला जातो.

म्हणजे काय झाले? मजुराचा दर पाडून ठेवला तर तुमचा आणि तुमच्या बायकोचा दर सरकारी वहीत पडतो. तो पडला की खर्च कमी दिसतो आणि खर्च कमी दिसला की हमीभाव कमी निघतो. भाव कमी मिळाला की तुम्ही मजुराला म्हणता, परवडत नाही. आणि मग दर आणखी पाडायचा ठराव घेऊन आपण बैठकीला येतो. हे चाक आपल्याच हाताने फिरते आहे. मजुरी वाढायला विरोध करणारा शेतकरी स्वतःच्या घराची मजुरी कमी करून घेतो.

एक हिशेब करून पाहा. चार एकर कापूस, एकरी चार क्विंटल, एकूण सोळा क्विंटल. हमीभाव पूर्ण मिळाला आणि खर्च सरकार म्हणते तेवढाच आला, असे धरा. क्विंटलला २५७० रुपये उरले. सोळा क्विंटलचे ४१,१२० झाले. ३१२ च्या दराने ही १३२ दिवसांची मजुरी होते. जमिनीचा मालक, जोखमीचा धनी, आणि त्याच्या मालकीचे मोल सरकारच्याच वहीप्रमाणे एका माणसाची सव्वाचार-साडेचार महिन्यांची मजुरी! मृगापासून संक्रांतीपर्यंत पीक उभे असते, आणि भाव पडला तर हेही उरत नाही. आपण मजुरापेक्षा फार वर आहोत, असे समजून ठराव करणाऱ्यांनी हा आकडा उशाशी ठेवावा.

नियम दुसऱ्याला, सूट स्वतःला

मजुरीचा दर जाहीर करणाऱ्या सरकारची स्वतःची वागणूक कशी आहे, तेही बघा. १९८३ साली राजस्थानातल्या दुष्काळी कामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे म्हणजे वेठबिगारी. दुष्काळी काम म्हणून त्यात सूट नाही. पण २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा किमान वेतन कायद्यात काहीही असले तरी या कामाचा दर केंद्र आपला आपण ठरवील, असे त्यात लिहून घेतले. २०१९ साली श्रम मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने जुलै २०१८ च्या भावांप्रमाणे रोज ३७५ रुपये किमान वेतन सुचवले. त्यानंतर सात वर्षांनी महाराष्ट्रात रोहयोचा रोज ३१२ रुपये होता. दहा-बारा मजूर लावणाऱ्या शेतकऱ्याला कायद्याचा बडगा आणि लाखो मजूर लावणाऱ्या सरकारला सूट!

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. हमीचे दिवस १०० चे १२५ केले. पण मजुरीचा पूर्ण भार पूर्वी केंद्र उचलत होते, तो आता आपल्यासारख्या राज्यांनी ४० टक्के उचलायचा आहे. आणि पेरणी-कापणीच्या काळात मिळून ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूद त्यात आहे. शेतकऱ्याला मजूर मिळावा म्हणून ही तरतूद केली, असे सांगितले गेले. आपला दुसरा ठराव म्हणजे त्याच तरतुदीवर आपण मारलेला शिक्का.

मी विचारतो, हे आपण मागितले होते का? आपण भाव मागितला होता. भाव द्यायला पैसा लागतो, मजुराचा पर्याय बंद करायला एक कलम पुरते. सरकारने स्वस्तातली गोष्ट दिली आणि बिल आपल्या नावावर फाडले. उद्या मजूर म्हणेल, शेतकऱ्यांनी आमचे काम बंद पाडले. आणि आपल्यातलेच दोन-तीन एकरवाले, जे स्वतःची पेरणी आटोपून दुसऱ्याच्या रानात किंवा रोहयोच्या बांधावर जातात, त्यांनी काय करायचे? या मांडवात असे किती जण आहेत, त्यांनी हात वर करायची गरज नाही. आपण एकमेकांना ओळखतो.

आपल्या रानातला हिशेब

सरकारला जाब विचारताना आपल्या बांधाच्या आत काय चालते, तेही बोलले पाहिजे. मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी.

समान कामाला समान मजुरी, असा कायदा १९७६ साली झाला. रोजगार हमीवर बाईला आणि पुरुषाला एकच दर मिळतो. आपल्या रानात काय मिळते? एकाच ओळीत, एकाच दिवशी, एकाच कामाला बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी. विचारले तर उत्तर येते, 'बाईची जात, तिला तेवढाच.' कापसाचे बोंड वेचणारा हात बाईचा आहे की बाप्याचा, हे काट्याला कळत नाही. निंदणाच्या दिवसाला मात्र आपल्याला कळते.

शेवटी याचाही तोटा आपल्यालाच आहे. बायकांचा रोज कमी ठेवला की घरच्या बाईच्या श्रमाचे मोलही कमी धरले जाते आणि कापसाच्या शेतीत बहुतेक काम बाईच करते. भाव मागताना तिचे कष्ट मोजा म्हणायचे आणि मजुरी देताना तिचे कष्ट कमी मोजायचे, हे एका तोंडाने चालणार नाही.

ठराव कोणता करायचा?

म्हणून माझी विनंती आहे की दोन्ही ठराव मागे घ्यावेत आणि त्यांच्या जागी एकच ठराव करावा. त्यात चार गोष्टी असाव्यात.

एक : शेतमजुराच्या किमान वेतनवाढीला आमचा विरोध नाही. मात्र सरकार जो दर जाहीर करील, तोच दर त्याच वर्षीच्या हमीभावाच्या खर्चात लावलेल्या मजुरीलाही धरावा आणि घरच्या मजुरीलाही. दोन वह्या चालणार नाहीत. दीडपट करायची ती 'सी-टू' खर्चाची करावी.

दोन : जाहीर केलेला हमीभाव हातात पडला पाहिजे. खरेदी वेळेवर सुरू करावी आणि माल बाजारात येण्याच्या काळात आयात शुल्क उठवून भाव पाडू नये.

तीन : हंगामात रोजगार हमी बंद ठेवण्याची आमची मागणी नाही. ती आमच्या नावावर खपवू नये. आणि सरकारने स्वतःच्या कामावर स्वतःच ठरवलेले किमान वेतन द्यावे.

चार : या बैठकीला आलेला प्रत्येक शेतकरी येत्या हंगामापासून समान कामाला बाईला पुरुषाएवढा रोज देईल. ही गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची.

चौथ्या कलमाला कदाचित सगळ्यांचे हात वर होणार नाहीत. तरी ते गाळू नका. पहिल्या तीन मागण्या घेऊन आपण सरकारपुढे जाऊ, तेव्हा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतील, 'तुम्ही तुमच्या मजुरांना काय देता?' त्या वेळी मान खाली घालावी लागली तर पुढचे तीन मुद्दे बोलायची सोयच उरणार नाही.

आता अध्यक्षांनी ठराव मताला टाकावा. बायकांचे हात वेगळे मोजू नयेत, सगळ्यांचे एकत्रच मोजावेत. एवढे सांगून मी खाली बसतो.